दुधाच्या डब्यांतला गवळी

गेल्या हिवाळ्यांत कन्येकडे न्यूजर्सीस जाण्याचा योग आला. तेथें शेजारीं ऐंशी उलटलेले एक गृहस्थ राहत. घर आवरून ते मुलाकडे कायमचे जावयाचे होते. जाण्यापूर्वीं आपल्या बालपणींच्या खेळांतील आगगाडी, रुळांसह, त्यांनीं माझ्या नातवास दिली. देतांना एवढेंच म्हणाले कीं, रविवारीं निरोप घ्यावयास येईन, तेव्हां दुधाचा डबा एकदां चालतांना पाहीन.

हा डबा साधा नव्हे. जोशुआ लायोनेल कोवेन यानें १९०० सालीं न्यूयॉर्क येथें काढिलेल्या लायोनेल कंपनीनें दुसऱ्या महायुद्धानंतर स्वतः काम करणारे पुष्कळ डबे बाजारांत आणिले. कोणी लांकडाचे ओंडके खालीं लोटी, कोणी कोळसा ओती. पैकीं १९४७ सालीं निघालेला दुधाचा डबा बालगोपाळांस अतिशय आवडला. बटण दाबतांच दार उघडतें. पांढऱ्या पोशाखांतला चिमुकला मनुष्य दुधाची चरवी फलाटावर लोटतो. बटण सोडतांच आंत जातो. नातवानें त्याचें नांव ‘गवळी’ ठेविलें.

त्यांतली युक्ति सोपी आहे. या गाडीचे रूळ तीन असून मधल्यांतून वीज येते. माल उतरविण्याच्या जागीं आणखी दोन पट्ट्या असतात. डब्याच्या तळाची धातूची सपाट पट्टी त्यांवर टेंकली कीं आंतील तारेच्या वेटोळ्यांत वीज शिरते. वेटोळें लोहचुंबक बनून एक लोखंडी दांडा ओढतें, दांडा गवळ्यास हालवितो, आणि वीज तुटतांच स्प्रिंग त्यास परत नेते. वेटोळें क्षणभराच्या कामासाठीं केलेलें असतें. हें मला नंतर कळलें.

शनिवारीं गवळी अडखळूं लागला. मीं कारण शोधिलें नाहीं; घरांत शिवणयंत्राचें तेल होतें, तें दांड्यावर सढळ हातानें सोडिलें. दोन वेळां तो झपाट्यानें आला आणि तिसऱ्या खेपेस अर्ध्यावर थबकला. येईल या आशेनें मीं बटण दाबूनच धरिलें. “आजोबा, गवळी येत नाहीं! आणि वास कसला येतो?” असें नातू म्हणाला, तेव्हां कोठें हात काढिला. छत्तीस वर्षें मुलांस ‘आधीं निदान, मग उपाय’ असें शिकविणाऱ्या मनुष्याची ही करणी!

लपवून ठेवावें असें क्षणभर मनांत आलें, हें कबूल केलें पाहिजे. परंतु नातू माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्याचा हात धरून मीं त्याच रात्रीं शेजाऱ्यांकडे गेलों व घडलें तें सांगितलें. ते रागावले नाहींत. चष्मा पुसून त्यांनीं प्रथम डबा उलटा केला. तळाची पट्टी काजळी धरून काळी पडली होती. विजेची वाटच अडली होती, आणि मीं मात्र दांड्यास दोष देत होतों! डबा उघडला तेव्हां माझें तेल जुन्या धुळींत मिसळून चिखल झालेला दिसला. स्पिरिटाच्या फडक्यानें पट्टी व दांडा पुसून त्यांनीं दांडा कोरडाच बसविला. वेटोळें दैवानें वांचलें होतें.

त्यांनीं सांगितलें तें वाचकांच्या उपयोगी पडेल. तेल आंसास, तेंही थेंबभर. वेटोळ्यांतील दांड्यास नव्हे. बटण क्षणभरच दाबावें. रूळ फडक्यानें पुसावे; लोखंडी तारेच्या काथ्यानें घांसूं नयेत, कारण तिचे तुकडे मोटरींतील चुंबकास चिकटतात. जुन्या तारांवरील आवरण तडकलें असेल तर ती वीज जोडूंच नये. १९४९ सालीं निघालेल्या गुरांच्या डब्याची तऱ्हा निराळी: तेथें गुरें थरथरणाऱ्या जमिनीवर पायांखालच्या लवचीक दांत्यांनीं चालतात, म्हणून जमीन स्वच्छ व सपाट पाहिजे. वीज थोडी झाली तर तीं उभीं राहतात, फार झाली तर आडवीं पडतात. आणि अशी गाडी कोणी इकडे आणील तर ध्यानांत ठेवावें कीं तिचा ट्रान्सफॉर्मर तिकडील सुमारें १२० व्होल्टांसाठीं असतो; आपल्या २३० व्होल्टांवर तो थेट जोडला तर जळेल.

रविवारीं शेजारी आले. नातवानें बटण दाबलें आणि लगेच सोडलें. गवळी आला, चरवी ठेवून गेला. वृद्ध गृहस्थ कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं हातानेंच ‘आणखी एकदां’ अशी खूण केली.

‘योगक्षेम’ शब्दांतला ‘योग’ म्हणजे नसलेलें मिळविणें आणि ‘क्षेम’ म्हणजे मिळालेलें राखणें, असा अर्थ मीं वर्गांत कित्येक वेळां सांगितला असेल. आपलीं घरें हल्लीं योगानें भरलीं आहेत. क्षेमाकरितां मात्र कोणास वेळ नाहीं. नातवानें आतां भिंतीवरील कालनिर्णयांत महिन्याच्या पहिल्या रविवारीं ‘गवळी’ असें लिहून ठेविलें आहे. त्या दिवशीं पट्टी पुसावयाची, डबा चारदां चालवावयाचा, आणि शेजारी-आजोबांस तसें दूरध्वनीवरून कळवावयाचें. हा शेवटचा भाग चुकवूं नको, असें मीं त्यास निघतांना बजावून आलों आहें.