पाऊलवाट कोणाची?

सिंहगड, राजगड आणि तोरणा यांना जोडणाऱ्या डोंगरवाटांवर अलीकडे लांब पल्ल्याच्या शर्यती होऊ लागल्या आहेत. शहरांतील नोकरदार शुल्क भरून त्यांत धावतात. या छंदाला नावे ठेवण्याचे कारण नाही. निकोप शरीर हा काही धनिकांचा मक्ता नव्हे. प्रश्न वेगळाच आहे. ही वाट घडवली कोणी? दुधाच्या चरव्या, सरपण आणि गवताचे भारे डोक्यावर घेऊन पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या डोंगरवासी स्त्री-पुरुषांनी. वाट ही त्यांच्या श्रमाची निर्मिती होय. उत्पन्नातील त्यांचा वाटा मात्र आयोजकांच्या मर्जीवर राहतो.

राखीव रानात चराईला बंदी झाली म्हणजे मेंढपाळावर काय ओढवते, हे सोलापूर जिल्ह्याला सांगावयास नको. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ चे आहे. पक्षी वाचलाच पाहिजे. परंतु जे रान मेंढपाळाला अडवते ते धावपटूला मोकळे व्हावे, हा न्याय कोणता?

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीतील प्रवेशाचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवले आणि पुढे बांबूचा व्यवहार आपल्या हाती घेतला. बांबूला जो न्याय, तोच पाऊलवाटेला लागू व्हावा. मार्ग, ऋतू, धावणाऱ्यांची संख्या आणि शुल्क ग्रामसभेने ठरवावे. त्यासाठी कार्यकर्त्यांनी सह्याद्रीतील गावांचे दावे दाखल करण्याच्या कामाला लागले पाहिजे. मग धावणाऱ्यांचे स्वागत गावच करील, आणि ते यजमान म्हणून करील.