काजूचा हंगाम आणि माकडताप

कोकणातला शेतकरी लेप्टोला चांगला ओळखतो. भातलावणीचे दिवस, चिखलात पाय, पायाला जखम आणि पाठोपाठ ताप, हे गणित आता गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण पाऊस संपला की आपली सावधगिरीही संपते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०१६ आणि २०१७ साली जो ताप पसरला, तो मात्र कोरड्या दिवसांतला होता. नेमका काजूच्या हंगामातला. त्याचे नाव माकडताप. हा आजार कळतो दवाखान्यात, पण लागतो बागेत. म्हणूनच शेतीच्या पानावर त्याची चर्चा व्हायला हवी.

रोग आला कोठून?

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. त्याच परिसरातली माणसेही तापाने अंथरुणाला खिळली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आताच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा नवा विषाणू शोधून काढला. बरीच वर्षे हा रोग शिमोगा आणि आसपासच्या जिल्ह्यांपुरताच होता. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र त्याने हातपाय पसरले. केरळ व तामिळनाडूच्या डोंगराळ भागात तो आढळला. २०१५ साली गोव्यातील सत्तरी तालुक्यात काजू वेचणाऱ्या लोकांना त्याने गाठले. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात केर गावच्या परिसरात आणि पुढच्या वर्षी बांदा भागात तो पोहोचला. नकाशावर बोट फिरवले तर हा सगळा सह्याद्रीचा एकच पट्टा आहे. जंगल, जंगलाला खेटून बाग आणि दोन्हीकडे फिरणारी गुरे, अशी सरमिसळ जिथे आहे तिथे हा रोग मूळ धरतो.

नाव माकडाचे, काम गोचिडीचे

माकडताप म्हटले की माकड चावल्याने रोग होतो असा अनेकांचा समज होतो. तसे नाही. विषाणू पसरवते ती जंगलातली गोचीड. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते. गुरांना या रोगाचा फारसा त्रास होत नाही, पण जंगलातली गोचीड बागेत आणि वाडीत आणण्याचे काम त्यांच्याकडून होते. माणसाला चावते ते मुख्यतः गोचिडीचे पिल्लू. ते खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावले तरी कळत नाही. ही पिल्ले नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पालापाचोळ्यात सर्वांत जास्त असतात.

आता आपले कामाचे वेळापत्रक बघा. याच महिन्यांत बागेची बेणणी होते. याच महिन्यांत बायामाणसे भाजावळीसाठी आणि गोठ्यासाठी पातेरा गोळा करतात, जळण आणतात. काजूचे बोंड पिकून खाली पडते आणि बी वेचायला माणूस वाकून, पाचोळ्यात हात घालून काम करतो. गोचिडीचा हंगाम आणि आपला हंगाम एकच आहे, खरी अडचण ही आहे.

माकड आणि वानर यांना हा रोग माणसासारखाच होतो, आणि ती मरतात. माकड मेले की त्याच्या अंगावरची विषाणू घेतलेली गोचीड खाली उतरते आणि तो टापू धोक्याचा बनतो. म्हणजे मेलेले माकड ही आपल्याला मिळालेली आगाऊ सूचना आहे. गावोगाव वानर मेले की मारुतीचे रूप म्हणून हार घालून त्याची अंत्ययात्रा काढतात. श्रद्धा मनात ठेवावी, हात लावू नये. आणि पिकाची नासधूस करणारे एक कमी झाले असे म्हणून गप्पही बसू नये.

लक्षणे आणि उपचार

गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप येतो. डोके व अंग प्रचंड दुखते, उलट्या होतात, काहींच्या नाकातून व हिरड्यांतून रक्त येते. बहुतेक रोगी एक-दोन आठवड्यांत सुधारतात, पण अशक्तपणा बरेच दिवस राहतो. काहींना मध्ये बरे वाटून पुन्हा ताप उलटतो, मान ताठ होते, झोक जातो, भ्रम होतो. शंभर रोग्यांत साधारण तीन ते पाच दगावतात.

यावर खास असे औषध नाही. वेळेवर दवाखान्यात दाखल होऊन सलाईन व देखरेख मिळाली तर जीव वाचतो. म्हणून हंगामात ताप आला की ‘आठवडाभर बी वेचू, मग बघू’ हा हिशेब महागात पडतो. डॉक्टरांना आपण बागेत किंवा जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगावे, म्हणजे रक्ताची योग्य तपासणी होईल. वेदना कमी करणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, रक्तस्राव वाढू शकतो. माणसापासून माणसाला हा रोग लागत नाही, तेव्हा रोग्याच्या घराला वाळीत टाकण्याचे काहीच कारण नाही.

लसीवर भरवसा ठेवून बसण्यातही अर्थ नाही. कर्नाटकात पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी न ठरल्याने २०२२ साली बंद झाली. नव्या लसीचे काम सुरू आहे.

बागेत जाताना

१) पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ विजार व बूट घालावेत. विजारीची टोके मोज्यात खोचावीत.
२) उघड्या अंगाला आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड-प्रतिबंधक तेल लावावे.
३) पाचोळ्यावर बसू वा आडवे होऊ नये.
४) घरी आल्यावर गरम पाण्याने व साबणाने अंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत, अंग तपासावे.
५) गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. नखाने चिरडू नये. नंतर जागा साबणाने धुवावी.
६) जनावरांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने गोचीडनाशक द्यावे. माकडे मेलेल्या रानात गुरे सोडू नयेत.

जबाबदारी कोणाची?

माकड वन खात्याचे, गुरे पशुसंवर्धनची, ताप आरोग्य खात्याचा आणि बाग कृषी खात्याची. गोचीड मात्र ही हद्द मानत नाही. मेलेल्या माकडाची खबर कोणाला द्यायची हेच पुष्कळ गावांत ठाऊक नसते, आणि खबर पोहोचेपर्यंत त्या जागी दहा माणसे फिरून आलेली असतात. याला मोठा खर्च लागत नाही. दरवर्षी हंगामाआधी, डिसेंबरातच, ग्रामपंचायतीने चारही खात्यांची माणसे आणि आशाताई यांना एकत्र बसवावे. खबर देण्याचा एकच फोन नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. तेल बेणणी सुरू होण्यापूर्वी वाडीत पोहोचावे, रोगी सापडल्यावर नव्हे. बाहेरून आलेल्या राखणदारांना व मजुरांनाही ते मिळावे, कारण बागेत जास्त वेळ तेच असतात.

खत आणि फवारणीचे वेळापत्रक आपण वर्षाच्या आधी ठरवतो. बी वेचणाऱ्या माणसाच्या काळजीचाही एक रकाना त्यात असावा. बागायतदार बंधूंनी यंदा मजुरीचा दर ठरवताना तेलाची बाटली आणि बूट यांचाही विचार करावा, एवढीच विनंती.