वरोरची ग्रामसभा वाढवण बंदराबाबत काय करू शकते?

डहाणू तालुक्यातलं वरोर हे मच्छीमारांचं गाव वाढवण बंदराच्या शेजारी आहे. 76,220 कोटी रुपयांच्या या बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 जून 2024 रोजी मंजुरी दिली. स्थानिक मच्छीमारांचा विरोध मात्र जुना आहे. मग पुढच्या ग्रामसभेत गावाच्या हातात काय आहे?

कायदा काय सांगतो?
डहाणू तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यामुळे इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. जमीन संपादित करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करणं त्यानुसार बंधनकारक आहे. पण विचारविनिमय म्हणजे संमती नव्हे.

अडचण कुठे आहे?
बंदरासाठी सुमारे 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. म्हणून मासेमारीची जागा गेली, तरी ते भूसंपादन ठरत नाही.

मग सभेला अर्थ काय?
बंदराला जोडणारा वरोर-तवा हा सुमारे 32 किलोमीटरचा महामार्ग जमिनीवरून जाणार आहे. पेसाची तरतूद तिथे कामी येते. सभेतल्या घोषणा हवेत विरतात, इतिवृत्तातला ठराव मात्र पुरावा म्हणून राहतो. म्हणून उठण्याआधी ठराव वाचून घ्यावा आणि त्याची प्रत मागावी.