ढेकूण कुणाचा, जबाबदारी कुणाची?

उन्हाळ्याची सुटी लागली की दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावातूनही गाड्या निघतात. कुणी चिखलदऱ्याला, कुणी माहूरला रेणुकेच्या दर्शनाला, कुणी शेगाव-शिर्डी करून पुढे कोकण-गोव्यापर्यंत. वर्षभराच्या खर्चातून वाचवलेल्या पैशांत खोली ठरते, अनेकदा मोबाइलवर फोटो पाहून आणि भाडे आगाऊ भरून. पहिल्याच पहाटे लेकरू अंग खाजवत उठते. मानेवर, दंडावर लाल चट्टे आणि पांढऱ्या चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. काउंटरवर सांगावे तर उत्तर ठरलेले असते : ‘डास असतील साहेब.’ कुटुंब गप्प बसते. एका ढेकणासाठी भांडायचे काय, आणि परक्या गावात भांडायचे कुणाशी, असे दोन प्रश्न त्याला गप्प करतात. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कायद्यात आहेत आणि ती बहुतेकांना वाटते त्यापेक्षा पुष्कळ जवळ आहेत.

आधी ढेकणाविषयी. आपल्याकडे प्रामुख्याने उष्ण कटिबंधातील ढेकणाची जात आढळते. पूर्ण वाढलेला ढेकूण जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, चपटा आणि तांबूस तपकिरी असतो. दिवसा तो गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, फ्रेमच्या मागे दडून बसतो आणि रात्री माणसाच्या श्वासाचा व शरीराच्या उबेचा माग काढत बाहेर येतो. त्याच्या लाळेत जागा बधिर करणारे आणि रक्त गोठू न देणारे घटक असतात. त्यामुळे पाच-दहा मिनिटे रक्त पिऊन तो निघून जातो, तरी झोपलेल्याला पत्ता लागत नाही. मादी आयुष्यात दोनशेच्या आसपास अंडी घालते. रक्त न मिळताही ढेकूण कित्येक महिने तग धरतो, म्हणून बंद ठेवलेली खोलीही आपोआप ढेकूणमुक्त होत नाही.

ढेकूण माणसांमध्ये रोग पसरवतो, असा पुरावा नाही. एवढा दिलासा खरा, पण त्यावरून ‘काही होत नाही’ असे म्हणणे चूक आहे. तीव्र ॲलर्जी, खाजवून झालेल्या जखमांत जंतुसंसर्ग, रात्रीमागून रात्री झोपमोड आणि त्यानंतरही राहणारी धास्ती हे त्रास डॉक्टरांच्या परिचयाचे आहेत. त्याहून मोठे नुकसान बॅगेतून घरी येते. एक गाभण मादी कपड्यांच्या घडीतून आली, तरी काही महिन्यांत घरातल्या गाद्या, दिवाण, सोफा सगळे भरून जाते. तीन दिवसांच्या सहलीची किंमत मग वर्षभर मोजावी लागते.

आता कायद्याविषयी. भाडे घेऊन खोली देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ‘सेवा’ आहे. ती तारांकित हॉटेलची असो, लॉजची, कृषी पर्यटन केंद्राची की कुणाच्या घरातल्या होमस्टेची. झोपण्यायोग्य, स्वच्छ बिछाना हा त्या सेवेचा गाभाच आहे. तो न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते आणि तिच्यासाठी भाड्याचा परतावा, औषधोपचाराचा खर्च, झालेल्या नुकसानीची व मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च मागता येतो. पैसे स्वतः भरलेले असलेच पाहिजेत, असेही नाही. लग्नाच्या वऱ्हाडासाठी वधूपक्षाने लॉज घेतला आणि चावे पाहुण्यांना झाले, तर पैसे भरणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारे ते पाहुणेही कायद्याच्या नजरेत ग्राहकच आहेत. पूर्णपणे विनामूल्य मिळालेला मुक्काम मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

‘परक्या गावात भांडायचे कुणाशी?’ या प्रश्नाचे उत्तर २०१९ च्या कायद्याने बदलले आहे. जुन्या कायद्यात तक्रार साधारणपणे प्रतिपक्ष जिथे असेल किंवा घटना जिथे घडली असेल तिथे करावी लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे खोली गोव्यात असली, तरी बोरी अरबच्या रहिवाशाला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, आणि उत्तर द्यायला तिथे हॉटेलमालकाला यावे लागते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणे बंधनकारक नाही. ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार करता येते आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची विनंतीही करता येते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. आयोगापर्यंत जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करून तडजोडीने प्रश्न सुटतो का, तेही पाहता येते.

खोली ॲपवरून घेतली असेल, तर ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे उत्तर पुरेसे नाही. ई-कॉमर्सविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार अशा प्रत्येक व्यासपीठाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिनाभरात ती निकाली काढावी लागते. खोली देणाऱ्याचे नाव-पत्ता ग्राहकाला मिळणे हाही त्याच नियमांचा भाग आहे. तक्रारीत खोलीमालक आणि ॲप अशा दोघांनाही प्रतिपक्ष करणे म्हणूनच शहाणपणाचे.

हे सारे कागदावरच राहते, असे समजण्याचे कारण नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये मंगळुरूहून बेंगळुरूला खासगी शयनबसने निघालेल्या एका महिला प्रवाशाला रात्रभर ढेकणांनी फोडून काढले. बसमधल्या कर्मचाऱ्यांकडे तक्रार करून उपयोग झाला नाही, तेव्हा तिने दक्षिण कन्नड जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावले. आयोगाने बसमालक आणि तिकीट विकणारे ॲप या दोघांनाही जबाबदार धरले. भाड्याचा परतावा, एक लाखाची भरपाई, खर्च आणि दंड मिळून सुमारे १ लाख २९ हजार रुपये देण्याचा आदेश झाला. तिकीट होते हजाराच्या आतले. बस आणि लॉज यांत फरक आहे, पण तत्त्व एकच आहे : झोपण्याची जागा विकणाऱ्याने ती झोपण्यालायक ठेवली पाहिजे.

अमेरिकेतला २००३ चा एक निकाल तर याविषयी जगभर दाखल्यासारखा सांगितला जातो. शिकागोतल्या एका मोटेलमध्ये उतरलेल्या दोन पाहुण्यांना ढेकूण चावले. चौकशीत पुढे आलेली माहिती थक्क करणारी होती. १९९८ मध्येच कीटकनाशक कंपनीने अवघ्या पाचशे डॉलरमध्ये सगळ्या खोल्या फवारून देण्याची तयारी दाखवली होती आणि मालकांनी ती नाकारली होती. ‘उपचार होईपर्यंत देऊ नये’ अशी नोंद असलेल्या खोल्याही भाड्याने दिल्या जात होत्या. पाहुण्यांनी विचारले, तर ढेकणांना ‘गोचीड’ म्हणा, असे कर्मचाऱ्यांना शिकवले होते! प्रत्यक्ष नुकसानीचे प्रत्येकी पाच हजार डॉलर आणि दंडात्मक भरपाईचे प्रत्येकी १ लाख ८६ हजार डॉलर, हा ज्यूरीचा निर्णय न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांच्या अपील न्यायालयाने कायम ठेवला. शिक्षा खोलीत ढेकूण सापडला म्हणून झाली नव्हती. माहीत असूनही लपवून खोली विकली, म्हणून झाली होती. भारतात एवढ्या रकमा मिळत नाहीत आणि त्यांची आशा धरून कुणी आयोगात जाऊही नये. पण ‘डास असतील साहेब’ हे उत्तर त्या ‘गोचिडा’चेच भावंड आहे, एवढे ओळखता यायला हवे.

अशा प्रकरणात बाजू बहुधा पुराव्यावर अडते. चाव्यांवरून तो ढेकणाचाच होता, हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. डास, पिसू, साधी ॲलर्जी यांचेही चट्टे सारखेच दिसू शकतात. शिवाय काहींना चट्टे त्याच रात्री उठतात, काहींना कित्येक दिवसांनी, तर काहींना उठतच नाहीत. म्हणून निव्वळ चट्ट्यांचे फोटो पुरत नाहीत. गादीची शिवण, पलंगाचा सांधा, तिथले काळे ठिपके, काती आणि जिवंत ढेकूण यांचे फोटो व व्हिडीओ घ्यावेत, त्यात खोलीचा क्रमांक दिसावा. एखादा ढेकूण पारदर्शक चिकटपट्टीवर किंवा छोट्या बाटलीत धरून ठेवावा. व्यवस्थापकाला तोंडी सांगून थांबू नये, तिथूनच संदेश किंवा ई-मेल करावा म्हणजे वेळेची नोंद राहते. परतल्यावर नव्हे, शक्य तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून केसपेपर घ्यावा. मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नयेत. आणि बिल घ्यावेच. रोखीने पैसे घेऊन पावती न देणे ही या कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, पण पावती न मागण्याची सवय मात्र आपलीच आहे.

‘मुक्काम स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी पाटी अनेक लॉजमध्ये लागलेली असते. तिला घाबरण्याचे कारण नाही. पार्किंगमधून गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्पष्ट केले की, ‘मालकाच्या जोखमीवर’ असे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटका करून घेता येत नाही. हा निकाल गाडीबाबतचा असला, तरी त्यातला विचार गादीलाही लावून पाहता येईल.

दुसरी बाजूही मांडायला हवी. ढेकूण बहुतेक वेळा पाहुण्याच्याच सामानातून लॉजमध्ये येतो. स्वच्छता आणि ढेकूण यांचा संबंध लोक मानतात तितका सरळ नाही. २०२३ मध्ये पॅरिससारखे शहर ढेकणांनी हैराण झाले होते, ते काही अस्वच्छतेमुळे नव्हे. कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या ढेकणांच्या पिढ्या जगभर वाढल्या आहेत. त्यामुळे एक ढेकूण सापडला म्हणून छोट्या होमस्टेवाल्याला गुन्हेगार ठरवणे अन्यायाचे होईल. त्याची परीक्षा पुढच्या तासाभरात होते. त्याने खोली बदलून दिली का, पैसे परत केले का, ती खोली बंद करून उपचार केले का? ज्याने हे केले त्याच्याविरुद्ध आयोगात जाण्याची वेळ सहसा येत नाही. ज्याने चादर झटकून तीच खोली संध्याकाळी दुसऱ्याला दिली, त्याची गय करण्याचे मात्र कारण नाही.

उपचार म्हणजे हाताला लागेल ते औषध फवारणे नव्हे, हे यवतमाळ जिल्ह्याला कुणी वेगळे सांगायला नको. २०१७ च्या हंगामात कपाशीवरच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण घेतले. शेतातले औषध बंद खोलीत मारणे त्याहून धोक्याचे. इजिप्तमध्ये २०१८ साली एका हॉटेलात ब्रिटिश जोडप्याचा मृत्यू झाला. शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी केलेली रासायनिक फवारणी त्याला कारणीभूत ठरली, असा निष्कर्ष पुढे ब्रिटनमधील चौकशीत निघाला. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या तर झोपण्याच्या खोलीजवळही आणू नयेत. उग्र वास येत असलेली, नुकतीच फवारलेली खोली ग्राहकाने नाकारावी. ढेकणांवर उष्णता हा सर्वांत सुरक्षित उपाय आहे. सहलीहून परतल्यावर बॅग पलंगावर न ठेवता बाहेरच उघडावी, कपडे ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवावेत. जे धुता येत नाही ते नीट तपासून, झटकून मगच घरात घ्यावे.

ग्राहक आपल्या परीने एवढे करील. सरकारने काय करावे? राज्यात २०२० पासून कृषी पर्यटनाचे स्वतंत्र धोरण आहे, होमस्टेला उत्तेजन दिले जात आहे, आणि ते स्वागतार्हच आहे. पण नोंदणी देताना खोल्यांची संख्या मोजली जाते तशी कीडनियंत्रणाची नोंदवहीही मागितली जावी. शेवटचे उपचार कधी झाले, कुणी केले, कोणते औषध वापरले, एवढी तीन वाक्ये पाहुण्याला पाहता येतील अशी असावीत. खर्च नगण्य आहे, आणि ज्या मालकाचे काम चोख आहे त्याला तीच नोंदवही आयोगापुढे आधारही देईल.

ढेकूण लहान आहे म्हणून तक्रारही लहान ठरत नाही. मजुरीतून किंवा मासिक पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांवर जे कुटुंब वर्षातून एकदा बाहेर पडते, त्याला त्या तीन रात्री शांत झोपेच्या हव्या असतात. त्याचेच पैसे त्याने मोजलेले असतात. झोप मिळाली नाही तर ते परत मागणे हा भांडखोरपणा नाही. आणि ते मागण्यासाठी आता यवतमाळपुढे जावे लागत नाही.