पत्रकार संरक्षण कायदा आपल्या वस्तीपर्यंत पोहोचतो का?

ऑगस्ट २०२३ मध्ये जळगाव जिल्ह्यातील पाचोऱ्यात पत्रकार संदीप महाजन यांना भर रस्त्यात मारहाण झाली. भडगाव तालुक्यातील गोंडगाव येथे एका बालिकेवर अत्याचार करून तिचा खून झाला होता, त्या प्रकरणावर त्यांनी टीकात्मक लिहिले होते. मारहाणीच्या आधी स्थानिक आमदार किशोर पाटील यांनी त्यांना फोनवर केलेल्या शिवीगाळीची क्लिप राज्यभर फिरली होती आणि शिव्या दिल्याचे आमदारांनी माध्यमांसमोर मान्यही केले होते. हल्ल्यामागे कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण त्याच महिन्यात राज्यभरातील पत्रकार संघटनांनी पत्रकार संरक्षण कायद्याच्या प्रती जाळल्या. हा कायदा नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. तो कागदावरच राहतो, याचा तो राग होता.

हा कायदा विधिमंडळाने २०१७ मध्ये मंजूर केला आणि राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१९ मध्ये तो लागू झाला. पत्रकारावर हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई दोषीने द्यायची. तरतुदी चांगल्या आहेत.

अडचण व्याख्येत आहे. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत आहे, त्यालाच हा कायदा पत्रकार मानतो. वृत्तपत्र असेल तर तेही नोंदणीकृत हवे. आता आपल्या भागाकडे बघा. साक्री, शिरपूर, यावल, चोपडा या तालुक्यांत बातमी कोण देतो? दिवसा दुकान किंवा शेती सांभाळून मानधनावर किंवा फुकट बातमी पाठवणारा वार्ताहर. स्वतःचे यूट्यूब चॅनल चालवणारा पोरगा. वस्तीतला बहिष्कार, स्मशानभूमीचा वाद, रेशनची चोरी मोबाइलवर टिपणारा कार्यकर्ता. यांच्यापैकी बहुतेकांकडे नियुक्तिपत्र नाही. अधिस्वीकृती तर दूरच. सरकारी जाहिरात यादीवरच्या वृत्तपत्राला मिळते, सवलत अधिस्वीकृती पत्रिकेवर मिळते, संरक्षण नोकरीवर मिळते. म्हणजे सरकारचा आधार पत्रकाराच्या कामाला नाही, त्याच्या कार्डाला आहे.

आपल्या दृष्टीने हा प्रश्न जास्त गंभीर आहे. जून २०१८ मध्ये जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारण्यात आले. मोबाइलवरचा व्हिडिओ पसरला, तेव्हा देशाला ते कळले. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला, साक्री तालुक्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. पहिल्या घटनेत गावातले सत्य मोबाइलने बाहेर आणले, दुसऱ्या घटनेत खोटे गावात शिरले आणि ते खोडणारा विश्वासू बातमीदार तिथे नव्हता. गावपातळीवर बातमी देणारा माणूस सुरक्षित नसेल, तर पहिला फटका भटक्यांना आणि आपल्याला बसतो.

बाबासाहेबांनी हा पेच फार आधी ओळखला होता. १९२० मध्ये ‘मूकनायक’ सुरू करताना ‘केसरी’ने पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी मात्र अडीच हजार रुपयांची मदत केली. राज्यकर्त्याने आवाज नसलेल्यांच्या पत्राला आधार द्यावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसेल. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत वृत्तपत्र स्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख करावा अशी मागणी झाली. बाबासाहेबांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा: सामान्य नागरिकाला नाही असा कोणताही खास अधिकार वृत्तपत्राला नाही, संपादक लिहितो तेव्हा तो नागरिकाचाच हक्क बजावत असतो. हाच हक्क कलम १९(१)(क) मध्ये आहे. हक्क जर नागरिकाचा आहे, तर संरक्षण फक्त नोकरदाराला का?

जगातही हा प्रश्न सुटलेला नाही. पत्रकारांच्या खुनांपैकी सुमारे ८५ टक्के प्रकरणांत कोणालाच शिक्षा होत नाही, असे युनेस्कोचा २०२४ चा अहवाल सांगतो. मेक्सिकोने २०१२ मध्ये कायदा करून पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्ते दोघांना एकाच संरक्षण यंत्रणेत आणले. तिथे आजही पत्रकार मारले जातात, म्हणजे नुसती व्याख्या रुंद करून भागत नाही, अंमलबजावणी लागते. पण आधी व्याख्येत तर यायला हवे. शेजारच्या छत्तीसगडने २०२३ च्या कायद्यात व्याख्या आपल्यापेक्षा रुंद ठेवली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडले गेले, त्यानंतर तरी महाराष्ट्राने कायद्याचा फेरविचार करायला हवा होता.

म्हणून मागणी नेमकी हवी. व्याख्येत ‘नोकरीत असलेला’ याऐवजी ‘बातमीचे काम करणारा’ असे यावे. मानधनावरचे वार्ताहर, डिजिटल माध्यमे आणि स्वतंत्र पत्रकार यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. दोन्ही जिल्ह्यांतील आमदारांना संघटनांनी हे लेखी द्यावे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते वापरू या. हल्ला झाला तर तक्रारीत २०१७ च्या कायद्याचा नावानिशी उल्लेख करा. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि प्रकरण त्यात बसत असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमे लावण्याचा आग्रह धरा. तिथे माणसाकडे प्रेस कार्ड आहे का, हे कोणी विचारत नाही. मूळ व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका, त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीपुढे अशी प्रकरणे न्या. आणि ठाण्यात एकट्या पोराला पाठवू नका, चार जण सोबत जा.

जय भीम!