करवंदीची जाळी कुणाच्या हिशेबात?

समाजकार्यात एम.ए. करून मी अकोले तालुक्यातल्या वाड्यांवर काम करू लागले, तेव्हा पडीक डोंगरउतारासाठी रोपांची यादी मीच केली होती. आंबा, आवळा, काजू, साग. बैठकीत वाचली. पुरुषांनी माना डोलावल्या. मागून एक आजी म्हणाली, "ताई, आन् करवंद?" मी म्हटलं, ती तर आपोआप उगवते की. "उगवती. पर तुमची मान्सं आधी तिलाच तोडत्यात."

खरंच होतं. लागवडीची पहिली पायरी म्हणजे 'जागा साफ करणे'. खड्ड्यांसाठी जाळ्या खणून काढायच्या. मोजणी झाडांची होते, झुडपाची कोण करतो? २०१९ च्या पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. तेव्हाही माझ्या मनात आजीचा प्रश्न होता.

करवंदीला काटे आणि चीक, म्हणून शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात ती पाण्यावाचून हिरवी राहते. उतारावरची माती धरते. जाळीत पालापाचोळा अडकतो आणि चराईपासून वाचलेलं जांभळाचं रोप तिच्याच आडोशानं वर येतं. बुलबुल, उदमांजर फळं खाऊन बी लांब नेऊन टाकतात. ससे, तित्तर आतच दडतात. एवढं काम करणारीला आपण 'झुडपी' म्हणून मोडीत काढतो! (बाईच्या घरकामाची आठवण झाली तर नवल नाही.)

आणि चैत्र-वैशाखातली करवंदं म्हणजे बाईच्या हातचा पैसा. पहाटे डोंगरावर जायचं, हात ओरबाडून घ्यायचे आणि पानांच्या द्रोणात भरून रस्त्याकडेला बसायचं. जूनमधल्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्यातून निघतो. नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. जाळी गेली की हे सगळं जातं आणि नुकसानीच्या कुठल्याच कागदावर ते येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पूर्वापार गोळा केल्या जाणाऱ्या गौण वनोपजाची मालकी वनात राहणाऱ्यांना दिली. वनहक्काच्या ग्रामसभेला हजर असणाऱ्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियमही आहे. हजेरीपुरत्या सह्या घेऊन तो पाळला जातो, हे आपण सगळ्याजणी पाहतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सामूहिक वनहक्काच्या व्यवस्थापन आराखड्यात करवंदीचं नाव बायांनीच घालायला लावावं आणि असलेल्या जाळ्यांना हात लावू नये हे आधी लिहून घ्यावं. रोपवाटिकेचे पैसे आले तर ते गटाच्या खात्यावर यावेत. नाहीतर लोणच्याचा धंदा उभा राहताच मालक वेगळेच निघतील.

लावायला कठीण नाही. पिकल्या फळाचं ताजं बी धुऊन लगेच पेरायचं. वाढ मात्र हळू, फळाला काही वर्षं थांबावं लागतं. वर्षभरात आकडे मागणाऱ्या योजनांना ते परवडत नाही.

यंदा आजीच्या अंगणात बिया पेरल्या आहेत. पुढच्या बैठकीची यादी मी लिहिणार नाही, तिची नात लिहिणार आहे.