माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे!

कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ किती, तर अवघे २.१७ चौरस किलोमीटर! एवढ्याशा जागेत काळविटांनी सुखाने नांदावे, अशी शासनाची अपेक्षा आहे. परंतु गवत वाळले आणि पाणवठे आटले म्हणजे राजपत्रातील चतुःसीमा वाचून काळवीट थांबत नाही. तो शेजारच्या शेतात शिरतो आणि कोवळी ज्वारी व हरभरा फस्त करतो. ज्याचे रब्बीचे पीक असे डोळ्यांदेखत जाते, त्या शेतकऱ्याला भूतदयेची प्रवचने ऐकविण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्यापैकी कोणासही नाही.

दोष काळविटाचा नाही, शेतकऱ्याचाही नाही. दोष आहे तो नियोजनाचा. कुंपणाच्या आत अभयारण्य आणि कुंपणाबाहेर वाटेल ते, अशी वाटणी आम्ही करून टाकली. कुकडीचे पाणी आले, त्यामागे ऊस आला. गायराने आक्रसली, ओढे बुजले. पूर्वी एका माळावरून दुसऱ्या माळावर जाणाऱ्या कळपांना आता वाटच उरलेली नाही.

याच्या उलट टोकाचा प्रयोगही याच भागात झाला. १९७९ साली सोलापूर व नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झाले, ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचे! गावेच्या गावे त्यात आली, खाजगी जमिनींचे व्यवहार अडले आणि बिचारा पक्षी लोकांच्या रोषास पात्र ठरला. पुढे २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. माळढोक मात्र महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला. एके ठिकाणी रेघ फार लहान, दुसरीकडे फार मोठी; पण रेघेपलीकडचा विचार दोन्हीकडे नाही. संरक्षित क्षेत्राभोवतीच्या एक किलोमीटर पट्ट्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये सरसकट आदेश दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये तो शिथिल केला. त्यातूनही हाच बोध घ्यावयाचा, की एकच फूटपट्टी सर्वत्र चालत नाही.

मग उपाय कोणता? ‘हरित’ हा शब्द उच्चारला की आमच्या अधिकाऱ्यांना खड्डे खणून रोपे लावण्यापलीकडे काही सुचत नाही. माळ मोकळा दिसला की तो पडीक ठरवावयाचा आणि त्यावर ग्लिरिसिडिया लावून मोकळे व्हावयाचे! रोग रेड्याला आणि औषध पखालीला, त्यातलाच हा प्रकार. काळविटाचे संरक्षण त्याच्या नजरेत आणि पायांत असते. लांडगा दुरून दिसला तरच तो धावून वाचतो. दाट झाडी त्याची दृष्टी अडविते आणि खालचे गवतही मारते. पर्जन्यछायेतील या भूमीचे खरे वैभव गवत हेच आहे. ते माती धरून ठेवते, पाणी मुरविते आणि मेंढपाळाच्या कळपाला पोसते.

म्हणून आमची सूचना अशी, की रेहेकुरीभोवतीची गायराने, वनविभागाचे तुकडे, ओढ्यांचे काठ आणि बांध हे सुटे सुटे न मानता एका जाळ्याचे धागे मानावेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालापासून अस्तित्वात आहे. रस्ते आणि उद्योगवसाहती जशा नकाशावर आखल्या जातात, तशी ही गवताची वाटही आखावी. माळावर झाडे लावण्याचे उद्दिष्ट रद्द करून तो निधी गवताचे बी, पाणवठे आणि मृदसंधारण यांवर खर्च करावा. पिकाची भरपाई पंचनाम्यांच्या फेऱ्यांत न अडकता पुढील पेरणीपूर्वी हाती पडावी. आणि चराईचे नियम ग्रामसभेने मेंढपाळांना विचारून ठरवावेत.

हे दिवास्वप्न आहे, असे कोणी म्हणेल. त्याने नगर तालुक्यातील हिवरे बाजारला जाऊन यावे. १९९० नंतर त्या गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली मोकाट चराई व वृक्षतोड थांबविली, पाणलोटाची कामे केली आणि पाण्याचा हिशेब मांडूनच पिके ठरविली. तेथे डोंगर हिरवे झाले ते वरून आलेल्या हुकुमामुळे नव्हे. गावाने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांमुळे.

या जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. त्यांचे जन्मगाव चोंडी शेजारच्याच जामखेड तालुक्यात आहे, आणि ज्या धनगर समाजात त्या जन्मल्या त्याच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या याच माळांवर चरत आल्या. विहिरी आणि घाट बांधून प्रजेची तहान जाणणाऱ्या त्या राज्यकर्तीचे नाव पाटीवर रंगविणे सोपे आहे. तिच्या माहेरचा माळ राखणे हे त्या नावाचे खरे ऋण होय. आणि ते फेडण्यास आता विलंब लावणे परवडणारे नाही.